पाण्यात पाया पडायचं नाही

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

बोट आली!

ट्रेलरवरून उलटी सरकवत धरणाच्या फुगवट्यात सोडली. अर्धा गाव काठावर. चिलापी मासे धरणाऱ्यांच्या होड्या आपल्या रोजच्या पाहण्यातल्या. ही वेगळीच – कडेला फुगवलेलं जाड रबर, नारिंगी रंग, मागे दोन इंजिनं. सुरू झाली आणि मी दहा आकडे मोजेपर्यंत पार मधल्या पाण्यात! मागे पांढरी रेघ. ती मिटायला जास्त वेळ लागला.

चौदा पोलीस आलेत. बारा पोरं, दोन मुली, सगळे आपल्याच जिल्ह्यातले. अडीच आठवडे इथे शिकायचं, परीक्षा द्यायची, मग कोकणात बंदरावर. तिथे गस्त घालायची आणि समुद्रात कुणी बुडत असेल तर त्याला काढायचं. शाळेच्या जुन्या खोल्यांत मुक्काम. स्वयंपाक आमच्या बचत गटाकडे, म्हणजे मी आणि छबूबाई.

छबूबाईंनी पहिल्याच चहाला शिकवणाऱ्या सरांना विचारलं, "सायेब, समिंदराची पोलीसगिरी आन् शिकायची कर्जत तालुक्यात? तिकडं माळावर तर टँकर चालू असत्यात!"

सर हसले. "आधी गप्प पाण्यात शिकायचं, मावशी. मग बोलणाऱ्या पाण्यात."

नृसिंह त्यांचं नाव. नगरचेच. वीस वर्षं समुद्रावर नोकरी करून आलेत. चालताना पाय जरा फाकवून टाकतात, जमीन कधीही हलेल अशा बेताने.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सरांचं पुस्तक जेवणाच्या बाकावर राहिलं होतं. पीठ लागू नये म्हणून हात पुसून उघडलं. पहिल्याच पानावर –

'बुडणारा माणूस ओरडत नाही.'

तीनदा वाचलं. पुढे लिहिलंय, त्याला श्वासच पुरत नाही, ओरडणार कशाने? हातही वर करून हलवत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होतं आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, मजेत आहे. एवढंच. मिनिटभरात संपतं.

इतकी वर्षं या पाण्याच्या काठाला राहते आणि हे मला माहीत नव्हतं!

माझी शाळा तिसरीत सुटली. वाचायला यांच्यामुळे शिकले. हे साखर कारखान्याच्या गेटवर होते, रोज आदल्या दिवसाचा पेपर घरी आणायचे. आधी ठळक अक्षरं, मग बारीक. हे – म्हणजे आदिनाथ. तोंडाने कधी नाव घेतलं नाही, वहीत लिहिते. कोरोनात गेले. आता कुठलंही नवं काही वाचलं की पहिल्यांदा यांना सांगावंसं वाटतं. आजही वळले होते सांगायला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी काठावर वर्ग चालू होता. मी भाकरी थापत ऐकत होते.

सर – "पहिला जीव कुणाचा वाचवायचा?"

चौदाही जण – "बुडणाऱ्याचा!"

"चूक. तुमचा."

माझी भाकरी हातातच राहिली.

सर म्हणाले, आधी काठावरून बांबू पुढे करा. नाही पुरला तर दोरी फेका. नाही जमलं तर बोट न्या. अंगाने पाण्यात उतरायचं ते सगळ्यात शेवटी. कारण तुम्ही मेलात की एकाचे दोन होतात. वर तुम्हाला शोधायला तिसरा उतरतो.

हे वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. कुणीतरी बसून, विचार करून, एवढं निष्ठुर वाक्य लिहिलंय आणि ते माणसं वाचवण्यासाठी आहे – हेच किती मोठं!

१६ नोव्हेंबर, रविवार

मच्छिंद्र नावाचा पोरगा आहे, पाथर्डीकडच्या डोंगराळ गावातला. चौदांत सगळ्यात चांगला पोहणारा. त्याच्या गावात पोहण्याएवढं पाणीच नाही. मग शिकलास कुठे, म्हटलं.

"नोकरी लागल्यावर, मावशी. गणपती विसर्जनाच्या बंदोबस्ताला हुतो तळ्यावर. एक पोरगं गेलं पाण्यात. म्या काठावर, अंगात वर्दी, हातात काठी. पोहायला येत न्हवतं. दुसऱ्यांनी काढलं त्याला. जगलं पोरगं. पन मला आपलं ते…"

तिसरी भाकरी घेतली.

दोन वर्षं नगरच्या तलावावर रोज पहाटे जाऊन शिकला. आता निवड झाली म्हणून गावाने एसटी स्टँडवर फ्लेक्स लावलाय – त्याचा फोटो आणि मागे समुद्र. मनवा त्याला चिडवते, "समुद्र तुझ्या आधी गावाला पोचला की रे!" मनवा म्हणजे दोन मुलींतली एक, नगर शहरातली. जीभ तिखट.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज भलतंच झालं.

बुडणारा माणूस घाबरून गळ्याला मिठी मारतो. मग काढणाराही बुडतो. त्याची सोडवण अशी – हनुवटी छातीला लावून खाली डुबकी घ्यायची, त्याच्या छातीवर पाय रोवून त्याला लाथेने दूर ढकलायचं, आणि वळसा घालून मागून धरायचं. पोरांनी एकमेकांवर मस्त केलं. हसत-खिदळत लाथा!

सर काही खूश दिसले नाहीत. म्हणाले, "होडी उलटली तर आतली माणसं काय चड्डीवर असणार आहेत? सगळे पंचविशीतले पोलीस असणार आहेत? लुगड्यातली आजी बुडत असेल तर?"

मनवा पटकन म्हणाली, "सर, सविता मावशींना पोहता येतं!"

मेलीला कधीतरी बोलले होते, लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले म्हणून.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर म्हणाले, ताई, सक्ती नाही, दोरी बांधू, शेजारी बोट ठेवू. मी हो म्हटलं. का म्हटलं? कळत नाही. चोपन्नाव्या वर्षी कुणी काही नवं विचारत नाही, म्हणून असेल.

छबूबाई घरापर्यंत बोलत आल्या. "सविते, याड लागलं का तुला? मानूस गेल्यालं बाईमानूस, पोरांच्यात पान्यात उतरनार! लोकं काय म्हन्त्याल?"

म्हटलं, लोकांना सांगा, बुडायला गेलीये.

"तोंड बघ तुजं!"

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उतरले!

जुनं पातळ नेसले, कमरेला दोरी, दुसरं टोक बोटीत सरांच्या हातात. पाणी गार. छातीपर्यंत चालत गेले आणि पाय सोडले. पातळ आधी फुगलं, भोवती पसरलं. क्षणभर मी त्यावर बसल्यासारखी तरंगले. मग आतली हवा निघाली आणि तेच पातळ पायांना गुंडाळायला लागलं, खाली ओढायला लागलं. मला पोहता येतं, दोरी आहे, बोट आहे – तरी मी दोरी दोन्ही हातांनी पकडली. विहिरीत आम्ही परकर खोचून उतरायचो. हे असं असतं ते आज कळलं.

सरांनी सांगितलेलं, जो येईल त्याच्या गळ्यात पडायचं. सोडायचं नाही. दया दाखवायची नाही.

पहिला सुप्याचा कल्याण आला. मी मिठी मारली. त्याने डुबकी घेतली, पाय वर आणला, पाऊल माझ्या छातीला लागलं – आणि थांबला! भर पाण्यात! उजव्या हाताने माझ्या खांद्याला शिवला आणि तो हात स्वतःच्या छातीला लावला. मोठ्या माणसाला पाय लागला म्हणून नमस्कार! तेवढ्यात वाचवायला आणलेला तरंगता फ्लोट त्याच्या हातातून सुटून लांब गेला आणि मी पुन्हा त्याच्या गळ्यात.

सर बोटीत उभे राहिले. "पाया पडतोस? पाण्यात? मेलास तू! बाईही मेल्या! दोन गेले! पुढचा!"

पुढचाही तेच. त्याच्या पुढचाही. कुणी पाऊल लावताना डोळे मिटले, कुणी पायाऐवजी हाताने ढकलायला गेला. एक तर आधीच म्हणाला, "मावशी, पाय लावू का?" आणि बुडाला. सर दर वेळी – "दोन गेले!" दुपारपर्यंत मी अकरा वेळा मेले.

मनवाने मात्र पहिल्याच खेपेला सणसणीत पाय दिला. वर आल्यावर कान धरून म्हणाली, "माफ करा हं मावशी. डोळ्यासमोर माझी आत्या आणली."

पण मला लिहायचंय ते पुढचं. लाथ बसून मी मागे गेले. काही कळायच्या आत तिचा हात पाठीमागून काखेत आला आणि मी उताणी. आणि मग ओढली गेले. काहीच करायचं नाही. अंगाला वजन नाही. कानात पाणी, त्यामुळे आवाज नाही. वर नुसतं आभाळ. इतका वेळ आभाळ मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. चार बगळे गेले, त्यांची पोटं दिसली.

माणूस माणसाला असं धरू शकतो! ओळख ना पाळख.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अंग ठणकतंय. छातीवर काळंनिळं. तरी गेले. आज चार जणांना जमलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सगळ्यांना जमलं. मच्छिंद्र सोडून.

परीक्षा प्रत्येकाला तीनदा देता येते. त्याची पहिली आज झाली. लाथ मारायची वेळ आली की त्याचा पाय पाण्यात नुसता लोंबतो. "दोन गेले." सर शांतपणे म्हणाले, ते ओरडण्यापेक्षा वाईट.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुसरीही गेली.

आता एकच राहिली, सोमवारी. नाही जमलं तर परत मुख्यालयात, बोटीचं नाव घ्यायचं नाही. संध्याकाळी भांडी घासायला आला. नको म्हटलं तरी बसला.

म्हटलं, अरे, मला काही होत नाही. मार की चांगली.

"तुमी वर तोंड करून बघता ना मावशी… आमची आय अशीच बघती."

आई काय करते, म्हटलं. ऊसतोडीला. सध्या श्रीगोंद्याकडे कारखान्यावर, पाचटाची कोपी तिथेच बांधलीये. ऊन-थंडीत मोळ्या वाहून याला शिकवलं. "तिच्या पायाला हात लावल्याबिगर घराबाहेर पडत न्हाई म्या. त्याच पायानं तुमाला…"

पुस्तकात शोधलं. पुस्तकात यावर काही नाही. ते बहुतेक आईला लाथ न मारणाऱ्यांसाठी लिहिलेलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज सुट्टी, पण मच्छिंद्रने सरांकडून सरावाची परवानगी काढली. मी उतरले. त्याने डुबकी घेतली, पाय आला – लागला! हलका, पण लागला! आणि काठावरून आवाज –

"अरं ए मुडद्या! म्हातारीला लाथा घालतोस व्हय रं!"

मच्छिंद्र पाण्यातच गर्कन वळला, नाकातोंडात पाणी. काठावर एक बाई. हिरवं लुगडं, डोक्यावर चुंबळ अजून तशीच, हातात भाकरीचं गाठोडं. त्याची आई, रंगुबाई! मुलाला भेटायला श्रीगोंद्याहून टेम्पोत बसून आल्या होत्या आणि येऊन बघतात तर हे! लुगड्यासकट गुडघाभर पाण्यात शिरल्या. "ह्याच्यासाटी शिकिवलं का तुला? भाईर ये आधी! पोलीस झाला म्हनून कुनालाबी मारायचं?"

सर बोटीत बसून, तोंडावर हात धरून हसत होते. म्हणाले, "आज तीन गेले."

मी बाहेर येऊन पदर पिळत त्यांना सगळं सांगितलं. बुडणारा गळा धरतो, मग दोघं जातात, म्हणून लाथ. याला जमत नाही, म्हणून उद्या हा नापास होणार. का जमत नाही – तुमच्यामुळे, असंही सांगितलं. मी काही लपवून बोलणारी बाई नाही.

रंगुबाईंनी पाण्याकडे पाहिलं. एवढं पाणी एका जागी त्यांनीही क्वचितच पाहिलं असेल. मग मुलाकडे वळल्या.

"म्हंजी लाथ न्हाई मारली तर तू बी मरनार?"

"व्हय."

"आन् ती बी?"

"व्हय."

"मग आयचा कसला मान ठिवतो रं येड्या?" गाठोडं सोडून त्याच्या हातात भाकरी कोंबली. "दोन वरसाचा हुतास, अंगावरचं दूध सोडीनास. कोपीत चार मानसं झोपायची, दिसभर ऊस तोडून अंगात जीव न्हाई. तुला लाथंनं सारलंया म्या. लाथंनं! रडलास दोन दीस. मेलास का?"

मनवा फस्सकन हसली. मच्छिंद्रचे कान लाल.

"अक्का," मला म्हणाल्या, "ह्याला उद्या घट धरा. ढिला धरू नगा माज्या पोराला."

चारच्या टेम्पोने गेल्या. एक दिवसाचा खाडा झाला तरी उद्या पहाटे फडात जायचं होतं. जाताना फुगवट्यात हात बुडवून डोळ्यांना लावला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज शेवटची परीक्षा.

दहा वाजता उतरले. काठावर तेरा जण, कुणी शिट्टी मारेना, कुणी चिडवेना. मच्छिंद्र आला. रंगुबाईंनी बजावलं होतं, म्हणून घट्ट धरलं – कधी कुणाला धरलं नसेल इतकं. खरोखर खाली गेलो दोघं. हिरवट उजेड. त्याचे डोळे उघडे, माझेही. कशासाठी थांबलाय, असं मला वाटलं, आणि छातीतली हवा संपायला आली.

मग लाथ बसली. बसली म्हणजे! पार लांब फेकली गेले, पाण्याच्या वर. खोकेपर्यंत मागून हात आला, काखेत, पक्का. आणि आभाळ. तो मागे काहीतरी पुटपुटत होता. कानात पाणी, ऐकू आलं नाही. देवाचं नाव असेल, नाहीतर आईचं.

सर बोटीत उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"दोन वाचले."

काठाला लागल्या लागल्या तो खाली वाकायला लागला. सर ओरडले, "थांब! पूर्ण बाहेर या आधी! पाण्यात पाया पडायचं नाही." मग कोरड्या मातीवर म्हणाले, "आता पड."

तो पडला. त्याच्या मागे कल्याण. मग रांगच लागली. चौदा जण. मी ओल्या पातळात कुडकुडत उभी आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवतेय. शेवटी सरही वाकले. मी मागे सरले, अहो सर, काय करता! म्हणाले, "ताई, तुम्ही किती वेळा बुडालात ते मी मोजलंय."

छबूबाई चुलीपाशी डोळे पुसत होत्या. धूर लागला म्हणाल्या. आज गॅसवर होतं सगळं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

गेले. खोल्या रिकाम्या. बोटही गेली. एका भाकरीच्या अंदाजाने पीठ घेता येईना.

३ डिसेंबर, बुधवार

मच्छिंद्रचा फोन! मागे मोठा आवाज, सारखा, न थांबणारा. "ऐका मावशी, ऐका! आन् पलीकडचा काठच न्हाई! लई येळ बघितलं, न्हाईच!" मला दाखवायला फोन पाण्याकडे धरून उभा होता म्हणे – साध्या फोनवर! मी तरी बघितल्यासारखी गप्प बसून राहिले. गप्प पाणी, बोलणारं पाणी. सर खोटं बोलले नव्हते.

१२ जानेवारी २०२६, सोमवार

मच्छिंद्र आता चौघांच्या बोटीवर आहे. दोन जणांना काढलंय आतापर्यंत, दोन्ही वेळा दोरीने. मिरजगावच्या वाचनालयातून समुद्रावरचं एक जाड पुस्तक आणलंय. भरती का येते ते चंद्रापर्यंत जातं! वाचता वाचता उठून दारातून चंद्राकडे बघून आले. इतक्या लांबून ओढतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी मच्छिंद्रचा फोन. म्हणाला, "मावशी, शनिवारी होडी उलटली. दोघं हुते. म्हातारबाबा जवळ हुते, त्यांनी गळा धरला. म्या लाथ मारली. शिकिवल्यावानीच. मागनं फिरून आलो तर न्हवते." दुसऱ्याला त्याने काढलं. साहेब म्हणाले, सगळं नियमाप्रमाणे झालं. "त्यांच्या बायकोच्या पाया पडून येऊ का? का नगं जाऊ?"

म्हटलं, जा. नुसता पाया पडून गप्प बसू नकोस. शेवटी ते कसे होते ते तिला सांग. डोळे उघडे होते का, काही बोलले का, हात किती घट्ट होता. लाथेचंसुद्धा सांग. आदिनाथांच्या शेवटच्या घटकेला दवाखान्यात जो कुणी होता, तो कधी सांगायला आला नाही. पावणेपाच वर्षं झाली, मी दिवसा दाराला कडी लावत नाही.

एकट्याने जाववत नाही म्हणाला.

उद्या सकाळच्या गाडीने निघते.